बावीस नंबरची फाइल

४ जानेवारी

पोचले एकदाची. दोन ट्रंका, शिवणयंत्र आणि ताईने बळेच कोंबलेली एक रजई, एवढा माझा संसार. तो उतरवायला शेजारपाजारचे सहा जण धावले. एकोणपन्नासाव्या वर्षी नवी नोकरी, नवं गाव आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकटीचं घर. ताईच्या घरी अठरा वर्षं काढली. ना तिने कधी तोंड वाकडं केलं, ना भावोजींनी. तरी आश्रित ती आश्रितच. आता माझ्या दाराची किल्ली माझ्या कमरेला आहे आणि मी सारखी चाचपून बघतेय.

क्वार्टर छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, न्हाणीघराला आतून धड लागणारी कडी, मागे कपड्यांसाठी तार. कारखान्याच्या कॉलनीत अशी चाळीस घरं, सगळी एकाच साच्यातली. इथे माणसाला नावाने कोणी हाकच मारत नाही. पलीकडची तेवीसवाली, समोरचे एकोणीसवाले. मी ट्रकमधून पाय खाली ठेवला आणि बावीसवाली झाले. पाणी नंबरावर, टपाल नंबरावर, दवाखाना नंबरावर. शाळा सोडल्यापासून मला कोणी नंबर दिला नव्हता, त्यामुळे जरा तरुण झाल्यासारखं वाटलं.

तेवीसवाली चहा घेऊन आली. गोल चेहरा, सावकाश बोलणं आणि वाक्याच्या मध्येच थांबून भिंतीकडे बघायची सवय. मी विचारलं, माझ्याआधी इथे कोण राहायचं? ती म्हणाली, बावीसवाली. मी हसले. ती हसली नाही, पण चहा फक्कड होता.

७ जानेवारी

काम म्हणजे नुसतं बघणं. कारखाना काचेच्या बाटल्यांचा. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, त्यांच्या मागे पांढऱ्या उजेडाची पाटी, आणि मी स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून शोधायचं: कुठे बुडबुडा, कुठे चीर, कुठे काचेत अडकलेला खडा. अशी बाटली दिसली की उचलायची आणि डाव्या हाताच्या पिंपात फेकायची. मिनिटाला साठ बाटल्या. मुकादम म्हणाला, पहिल्याच आठवड्यात इतका पक्का डोळा त्याने पाहिला नव्हता.

ताईला फोन करायला कॉलनीच्या ऑफिसात गेले. तिला सांगितलं की मला दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो. ती म्हणाली, म्हणजे आजवर आमच्या घरी फुकटच राबलीस.

भाचीची तब्येत ठीक आहे. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस भरतील. पहिलंच बाळंतपण, त्यामुळे ताईचा जीव टांगणीला.

१० जानेवारी

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या म्हणून कॉलनीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर साठीचे, नखं स्वच्छ, आवाज मऊ. त्यांच्यासमोर चार बोटं जाड फाइल होती, वर नुसता आकडा, २२. मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं की मागच्या वेळेपेक्षा बरं वाटतंय ना. मी म्हटलं, मी नवीन आहे, आत्ताच आले. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि फाइलीत काहीतरी लिहिलं.

जुन्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली, पेपरवेटखाली ठेवली आणि सांगितलं की आता औषध इथूनच मिळेल. खिडकीवरच्या कंपाउंडरबाईने कागदाची पुडी दिली. आत बारीक पिवळ्या गोळ्या. सकाळचा भोंगा झाला की एक, संध्याकाळचा झाला की एक. पुडीवर नाव नाही, काही नाही. माझी गोळी तर पांढरी होती. मी विचारलं, ही कसली? ती म्हणाली, बावीसची.

परत आत जाऊन डॉक्टरांना विचारायला हवं होतं. पण मागे रांग होती, आणि इतक्या भल्या माणसाला पहिल्याच भेटीत काय हटकायचं.

१९ जानेवारी

तोंडाला कोरड पडते. जेवणाला चव लागत नाही. काल माझ्या हातून तीन चिरलेल्या बाटल्या पुढे गेल्या. मुकादम रागावला नाही, म्हणाला, होतं असं. त्याने रागवायला हवं होतं. मला तर स्वतःचा इतका राग आला की दुपारचा डबा तसाच परत आणला.

संध्याकाळी उशीचा अभ्रा शिवायला बसले तर सुईत दोरा जाईना. हात थरथरतो. म्हातारपण असं दोन आठवड्यांत येत नाही.

ताईला सांगितलं. तिने मला झाप झाप झापलं. गोळीचं नाव माहीत नसताना ती पोटात घालतेस, शिकलेली आहेस ना? भावोजींच्या आजारपणात ताई डॉक्टरांसमोर वही घेऊन बसायची. सगळे नातेवाईक तिला हसायचे आणि ती कोणालाही भीक घालायची नाही. तिने मला फोनवर पाच प्रश्न लिहून घ्यायला लावले. औषधाचं नाव काय. कशासाठी. किती दिवस. हात थरथरतो तो याच गोळीने का. आधीची गोळी बंद का केली. एकेक विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही.

२३ जानेवारी

गेले. कागद हातात धरून पाचही प्रश्न वाचले. डॉक्टरांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझं बोलणं इतकं मन लावून आजवर कोणी ऐकलं नसेल. मग त्यांनी हात पुढे करून कागद मागितला. मला वाटलं, आता एकेकाचं उत्तर देतील. त्यांनी तो टाचणीने फाइलीला लावला.

म्हणाले, गोळी तुमच्या जुन्या आजारावरची आहे, तुम्ही ती कित्येक वर्षं घेताय, आणि मध्ये मध्ये चुकवता म्हणून हात थरथरतो. मी सांगितलं की मला इथे येऊन एकोणीस दिवस झालेत. त्यांनी मायेने विचारलं, कुठल्या तारखेला आलात, सामान कोणी उतरवलं, आधी कुठे होतात. मी सांगत होते आणि ते लिहून घेत होते. मला बरं वाटलं, म्हटलं आता चूक त्यांच्या ध्यानात येईल. शेवटी त्यांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या.

दाराबाहेर आल्यावर ध्यानात आलं की पाचपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही आणि कागदही त्यांच्याकडेच राहिला. मला भीती वाटली. साधी नाही. लहानपणी जत्रेत आईचं बोट सुटलं होतं, तेव्हा वाटली होती तशी.

२४ जानेवारी

पुडी मोरीत ओतली. कानाला खडा. सुट्टी मिळाली की स्वतःच्या पायाने दुसरा डॉक्टर गाठणार.

२८ जानेवारी

परवा पट्ट्यासमोर पडले. गोळ्या सोडून तिसरा दिवस होता. सकाळपासून दात आपोआप वाजत होते आणि बाटल्यांमागचा उजेड डोळ्यांत टोचत होता. मग स्टूल सरकलं एवढंच आठवतं. जीभ चावली गेली आहे. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर माझा हात धरून बसले होते. मी म्हटलं, तुमच्याच गोळीने झालं हे. ते म्हणाले, गोळी बंद केल्याने झालं. आणि खरं तेच होतं.

आता सकाळी कारखान्याच्या फाटकावर कंपाउंडरबाई उभी असते. गोळ्या जिभेवर ठेवायच्या, पाणी प्यायचं, तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. मग ती चिठ्ठी देते, आणि चिठ्ठीशिवाय फाटक उघडत नाही. संध्याकाळी ती घरी येते. वागायला अतिशय चांगली आहे. माझ्या केसांतून हात फिरवते.

तेवीसवालीला सांगितलं की माझ्यावर भलत्याच कुणाचे उपचार चाललेत. ती भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, सुरुवातीला तुला दर वेळी असंच वाटतं.

३ फेब्रुवारी

आज फाइल वाचली.

तपासणी चालू असताना भट्टीवर कोणीतरी भाजलं म्हणून डॉक्टर धावत गेले. मी आणि फाइल खोलीत दोघीच राहिलो. पहिलं पान पिवळं पडलेलं आहे. स्त्री, वय एकतीस, काम बाटल्या तपासणे, आजार फेफरं. खाली पिवळी गोळी. ती खरी आजारी होती, आणि त्या बाईला त्या गोळीने गुणही आला होता, तसं लिहिलं आहे.

पुढे वय बत्तीस, तेहतीस, चौतीस. मग एकदम सव्वीस.

सव्वीसच्या पुढे एकोणतीसपर्यंत. मग चव्वेचाळीस. मग छत्तीस. छत्तीसच्या पुढे बेचाळीसपर्यंत. मग एकोणपन्नास, ती मी. नंबर तोच, गोळी तीच, फक्त गोळ्यांची संख्या वाढत गेलेली. कॉलनीत फाइल घराची असते, माणसाची नाही. एक बाई गेली, दुसरी आली, फाइल कोणी बंदच केली नाही.

आणि जिथे जिथे वय उलटंपालटं झालंय तिथे लक्षणांच्या रकान्यात एकच ओळ आहे. रुग्ण म्हणते, मी ती नाही, मी इथे नवीन आले आहे. त्या ओळीसमोर, मात्रा वाढवली. चार वेळा. चौथी ओळ माझी.

माझ्या प्रश्नांच्या कागदाखाली आणखी दोन कागद टाचलेले होते. अक्षरं वेगळी, प्रश्न तेच. गोळी कसली, किती दिवस, हात का थरथरतो. एकीने खाली रेघ मारून लिहिलं होतं, कृपया उत्तर द्यावे. प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर दोनच शब्द, आता शांत. त्यानंतर पुढचं वय. त्या गेल्या कुठे, ते कुठेच लिहिलेलं नाही.

डॉक्टर परत आले तेव्हा मी लपवाछपवी केली नाही. फाइल त्यांच्यासमोर उघडून धरली. बेचाळीसच्या खाली एकोणपन्नास, दाखवलं बोट ठेवून. म्हटलं, एका वर्षात कोणी सात वर्षांनी म्हातारं होतं का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खूप वेळ बघितलं. मला वाटलं, जिंकले. मग ते म्हणाले, खरंच की, चूक झाली आहे. पेन घेतलं, एकोणपन्नास खोडलं, आणि वर लिहिलं, त्रेचाळीस.

५ फेब्रुवारी

ताईला फोन केला. जीभ जड झालीय, शब्द उशिरा येतात. मला घेऊन जा, एवढं म्हणता आलं. ती येतेय. भाचीला दिवस भरायच्या आत परत गेलं पाहिजे, म्हणाली, पण आधी तुला बघते. आता काळजी नाही. ताईपुढे भल्याभल्यांनी हात टेकलेत.

८ फेब्रुवारी

ताई आली! उंबऱ्यातच मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, काय गं ही दशा. मी सगळं सांगितलं, फाइल, वयं, तो कागद. तिने वही काढली आणि एकेक लिहून घेतलं. उद्या सकाळी ती डॉक्टरांकडे जाणार. परवाच्या गाडीने आम्ही दोघी घरी. आज कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

९ फेब्रुवारी

दोन तासांनी परत आली. डोळे सुजलेले. पलंगावर बसली आणि म्हणाली, इतकी वर्षं आजारी होतीस आणि सख्ख्या बहिणीला सांगितलं नाहीस?

मी म्हटलं, अगं, अठरा वर्षं तुझ्याच घरात होते मी. ती म्हणाली, दिवसभर तू कामावर असायचीस, काय घेत होतीस मला काय ठाऊक. त्यांनी तिला फाइल दाखवली होती. एवढी जाड फाइल खोटी कशी असेल, म्हणाली. मला पडताना पाहिलेले बारा जण होते, ते कसे खोटे? आणि वयं? वयांची चूक डॉक्टरांनी स्वतःच कबूल केली म्हणे, कारकुनाच्या हातून झाली होती, दुरुस्त केली.

पाच प्रश्न विचारलेस का, मी म्हटलं. ती म्हणाली, तू आधीच विचारले होतेस, फाइलीत लावलेत.

प्रवासात झटका येईल म्हणून निघायचं नाही. ताई दोन आठवडे राहणार. आता कंपाउंडरबाई येणार नाही. गोळ्या ताई देणार. तिने प्रेमाने माझी हनुवटी वर केली आणि म्हणाली, आ कर.

१३ फेब्रुवारी

ताईचा गुडघा दुखत होता. सकाळी दवाखान्यात जाऊन आली ती हसतच. म्हणाली, इथली गंमतच आहे, राहते बावीसमध्ये म्हणून माझ्यासाठीही तुझीच फाइल काढली, आणि डॉक्टरांनी विचारलं, मागच्या वेळेपेक्षा बरं आहे ना. तिने सांगितलं की मी ती नाही, मी तर आत्ताच आले.

त्यांनी लिहून घेतलं.

पुडी तिने टेबलावर ठेवली. मी ओरडले. म्हणजे ओरडायचं होतं — घशातून नुसता घरघर आवाज आला. मी पुडी हिसकायला गेले आणि खुर्ची पडली. तिला वाटलं झटका आला. तिने मला घट्ट धरून ठेवलं, एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने —

मग स्वतःची घेतली. गुडघ्याची म्हणून.

१७ फेब्रुवारी

ताई बाळासाठी झबलं शिवतेय. सुईत दोरा ओवत बसली होती. अर्धा तास. मग दोरा टाकून दिला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

तिची गोळी लपवली. ती दवाखान्यातून दुसरी घेऊन आली. माझ्यावर रागावली नाही — रागाव ना गं ताई.

२० फेब्रुवारी

कागदावर लिहून दाखवलं. तुझीही गोळी तीच. पिवळी. बघ. तिने वाचलं. म्हणाली, शंका घेणं हेच तुझं दुखणं आहे, डॉक्टर म्हणाले होते. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांना द्यायला —

२४ फेब्रुवारी

ऑफिसातून माणूस आला, बावीसला फोन आहे. भाचीचा. मी ताईला ओढत नेलं. ताईने कानाला लावला. ऐकलं. मग विचारलं, कोण बोलतंय?

पलीकडून रडण्याचा आवाज. मला ऐकू येत होता. मी फोन घेतला — शब्द — एकही —

ताई म्हणाली, चुकीचा नंबर असेल.

२७ — का २८

झबलं अर्धंच आहे. ताई मला विचारते, हे कुणाचं. तेवीसवाली चहा घेऊन आली, म्हणाली, बावीसवाल्या आता शांत झाल्या. दोघींना म्हणाली.

मी शांत नाही. मी नाही. मला अजून लिहिता येतं.

सकाळ. भोंगा व्हायचाय

ताई, हे तुझ्यासाठी. तोंडाने जमत नाही म्हणून. तुझ्या वहीत ठेवते, वही पर्समध्ये घालते. भोंग्याच्या आत वाच.

तू बावीसवाली नाहीस. तू माझी थोरली बहीण. गुडघा दुखतो तो वयाने, बाकी तुला काही नाही. गोळी घेऊ नकोस — एकदम सोडू नकोस, पडशील — थोडी थोडी कमी — दुसऱ्या डॉक्टरकडे जा. दुसऱ्या गावात. मला नेऊ नकोस, तुला ओझं होईल. तू जा. गाडी सकाळी असते.

तुझं घर आहे. दाराला — दाराचा रंग — राहू दे. तुला मुलगी आहे. तिला दिवस गेलेत. ती वाट बघतेय, तिला तू हवीस. तिच्या नावाने हाक मार तिला म्हणजे तुला सगळं आठवेल. आपणच ठेवलं होतं ना नाव, तू आणि मी, पाळण्याशी, मी तुझ्या कानात सांगितलं आणि तू तिच्या — मी लिहिते, तू मोठ्याने वाच. तिचं नाव

तिचं नाव —